पासंग

बाबा शिपलीच्या पोस्टात पार्सलं तोलतात.
नऊ ते साडेपाच, काचेमागे,
आकडा स्थिर होईपर्यंत हात मागे बांधून.
म्हणून असेल, ओजस,
तुझ्या विद्यापीठाचं जाडजूड पाकीट आलं
तेव्हा त्यांनी आधी ते तळहातावर धरून पाहिलं.
"कॉम्प्युटर सायन्स. वजनदार आहे."
मग माझ्याकडे वळून: "तू सांग त्याला. तू केलंयस."

तर ऐक.
पुस्तिकेत पान चारवर एक मुलगी हसतेय,
तिच्याखाली सरासरी पगार, ठळक शाईत.
सरासरी म्हणजे काय, हे मी तिथेच शिकले:
एकजण लंडनला बँकेत लागतो
आणि उरलेल्या नऊजणांची उंची वाढते.

मला नोकरी एकशे चाळीस अर्जांनंतर.
लीड्समध्ये, विम्याच्या कंपनीत,
एक बटण होतं निळं, ते हिरवं केलं.
तीन आठवडे. चार मीटिंगा.

वर्षातून एकदा कर्जाचं पत्रक येतं.
घेतले होते एक्कावन्न हजार.
आता एकसष्ट.
महिन्याला पन्नास पौंड जातात
पगार हातात येण्याआधीच, म्हणून दुखत नाही,
आणि त्याच महिन्यात अडीचशे चढतात.
मी कर्ज फेडतेय की पोसतेय?
तीस वर्षांनी माफ होतं म्हणे. मी बावन्नची असेन.
तुमच्या नव्या नियमात चाळीस. तू बासष्टचा.
फिटणार नाही, नुसतं मिटेल.

आई म्हणते, याला कर्ज म्हणूच नका, कर म्हणा.
बाबांना ते गिळत नाही.
त्यांच्या घरून उसनी वाटीभर साखर
परत जायची ती शीग लावून.

पलीकडचा कीरन, माझ्याच वर्गातला,
बॉयलर दुरुस्त करतो.
पांढरी व्हॅन, दारावर स्वतःचं नाव,
आणि छदामाचं देणं नाही कुणाचं.
गुडघे मात्र आत्ताच बोलायला लागलेत म्हणतो.
परवा त्याने ऐंशीचे साठ केले, शेजारी म्हणून.
चाळीस मिनिटांचं काम.
मी माझा तासाचा दर मनातल्या मनात काढला
आणि त्याला चहा विचारला.

हे सगळं एका पारड्यात.
दुसऱ्यात टाकायला माझ्याकडे
एक रात्र आहे.

दुसरं वर्ष, नोव्हेंबर, लॅबमध्ये दोन वाजलेले.
स्वतःलाच हाक मारणारं एक फंक्शन
सहा दिवस अडलेलं.
कोपऱ्यात चॉकलेटचं मशीन घरघरत होतं.
मी एक ओळ खोडली. खोडली फक्त,
नवीन काही लिहिलं नाही.
आणि ते उतरत गेलं आत, अजून आत,
तळाला टेकलं,
आणि उत्तर हातात घेऊन
एकेक पायरी वर आलं.
मी एकटीच हसले मोठ्याने.
रात्रीची बस समोर उभी असून चालत खोलीवर गेले,
कान गारठून लाल.
पगाराच्या स्लिपवर याला रकाना नाही.

बाबा सांगतात, जुन्या तराजूचं
एक पारडं जात्याच हलकं असे,
त्याला खडा बांधायचे. पासंग.
एकसष्ट हजारांपुढे ती रात्र
पासंगालाही पुरायची नाही, मला कळतं.
तरी दर वेळी तोलताना
मी ती बांधते.

आज बाबा तुझं पाकीट कामावर घेऊन गेले होते.
"तीनशे बारा ग्रॅम," बूट काढता काढता म्हणाले.
"आणि माझं पत्रक?"
"ते? सहा."
आई हसली. कुणीतरी टीव्ही बंद केला.

तू इतका वेळ गप्प होतास.
मला वाटलं व्याजाचं विचारशील,
नोकऱ्या उरतील का ते विचारशील,
नाहीतर कीरनला मदतनीस हवाय का, ते तरी.
तू विचारलंस,
"ती खोडलेली ओळ कुठली होती?"

पेन सापडेना.
मी तुझ्या पाकिटाच्या पाठीवर
आईच्या भुवयांच्या पेन्सिलीने
लिहून दाखवायला लागले.