शून्य नंबरचा ब्रश

फाएन्झात आमच्या घरानं तीन पिढ्या ताटं रंगवली.
मी डोकी रंगवतो.
म्हणजे हेल्मेटं, पण आमच्या धंद्यात तसं कुणी म्हणत नाही.
"एर्मेस, निवेसचं डोकं झालं का?"
असंच विचारतात दारातून,
आणि नवा पोस्टमन दचकतो.

चाकं उघडी, डोकं उघडं,
ही शर्यत त्याच अटीवर सुरू झालेली.
वडील सांगत, चामड्याची टोपी घालून जायचे लोक
आणि परतताना दातांत माश्या असायच्या.
मी पाहिलं ते त्याच्या पुढचं:
टेकडीच्या गवतात बसून, खाली
सुसाट जाणारा एक निळा ठिपका,
वळण यायच्या आधीच आत कललेला.
नंबर वाचायची गरज नव्हती.
मान कशी झुकते त्यावरून माणूस कळायचा,
जसा गल्लीत पाठमोरा कळतो.

मग ती कमान आली.
टायटॅनियमची, तीन पायांची, सात किलोची.
बारमध्ये मी म्हणालो,
रबरी चपलेचा अंगठा बसवलाय गाडीवर!
हसले सगळे. मग मला चढलीच जरा.
ज्यांना छप्पर हवं त्यांनी बस चालवावी, म्हणालो.
त्या दिवशी कॉफीचे पैसे कुणी घेतले नाहीत.

लेआर्कोबद्दल मात्र बोललो नाही.

त्याचं डोकं खोक्यातून आलं होतं, फार पूर्वी.
दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं सुटलेलं चाक
भिंतीवर आपटून माघारी आलं
आणि तो तेव्हा तिथून जात होता.
एवढंच. चूक कुणाचीच नाही.
सोबत आईची चिठ्ठी: जसं होतं तसं करून द्या.
दिलं.
भेगेत लांबी भरली, घासली, पुन्हा भरली,
शून्य नंबरच्या ब्रशनं निळ्यात निळा मिसळला.
भेग कुठून कुठवर होती
ते आता मलाही दाखवता येणार नाही.
माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम तेच.
पैसे तिनं मोजून दिले.
मी घेतले.

यंदा जूनमध्ये निवेसच्या गाडीवर दुसरी गाडी चढली.
टीव्हीवर दिसलं: मागचं चाक कमानीवर टेकलेलं
आणि तिथंच फिरतंय, फिरतंय,
ज्या उंचीवर मी केशरी पट्टा ओढला होता त्याच्या वीतभर वर.
मग ती बाहेर आली. हातमोजे काढून फेकले.
कुणाला तरी शिव्या देत होती, देवाची कृपा.

गुरुवारी डोकं आलं.
दिव्याखाली धरून नखानं चाचपलं,
कपाळ, कानशील, टाळू,
जिथं असायला हवं होतं तिथं.
ओरखडा नाही.
मला काम नव्हतं.
डोकं सलामत तर पगड्या पन्नास, हे मलाही कळतं;
पण कमानीच्या सावलीत झाकलेली पगडी
रंगवणाऱ्यानं कुणासाठी रंगवायची?

शनिवारी ती स्वतः आली, मानेला पट्टा,
काखोटीला नवी कमान.
मी विचारलं, मधला खांब नाकासमोर येतो, त्रास होत नाही?
"दोन फेऱ्या होतो. मग दिसतच नाही.
नजर लांब असते ना, एर्मेस."
आणि आईनं पाठवलेली चेरीची बरणी ठेवून गेली.

कुरूप आहे. बारमध्ये मी अजून चप्पलच म्हणतो तिला.
टेकडीवरून पोरांना आता माणसं ओळखू येत नाहीत,
नंबर वाचावे लागतात; हे नुकसान कुणी भरून देणार नाही.

तरी खांबाच्या आतल्या बाजूला,
तिच्या बरोबर समोर,
आजोबा ताटाच्या काठावर काढायचे तो
मोरपिसाचा डोळा काढतोय, नखाएवढा.
हात पूर्वीसारखा स्थिर नाही.
तिला तो दिसणार नाही.
दिसला, तर ती हळू चाललीय असं समजायचं.