गॅरीची हजामत

स्कन्थॉर्पच्या दवाखान्यातली नर्स
कागदावरून नजर न काढता म्हणाली,
"फेरिटिन सात, मिसेस ढॅरप."
खिडकीबाहेर पोलादाच्या कारखान्याची धुराडी,
दारादारांवर तांबूस धूळ,
आणि एवढ्या लोखंडाच्या गावात
माझ्या वाट्याला सात.

गोळ्यांनी पोट बिघडलं.
मग तिनं यादी दिली: लिव्हर, मसूर, हिरवा पाला,
वर लिंबू पिळा,
आणि जेवणानंतर तासभर चहा नको.
लिव्हरवर मी तिच्यासमोरच काट मारली.
चहाचं ऐकून मात्र
खरंच चक्कर आली.

जिन्याखालच्या कपाटात ती कढई होती,
सासूबाईंनी साड्यांच्या घडीत दडवून दिलेली,
जिच्या वजनापायी विमानतळावर आमचं पहिलं भांडण झालं.
अकरा वर्षं मी नॉनस्टिकची झाले होते.
ती गंजून बसली होती, रुसल्यासारखी.
चिंचेनं घासली, तेल पाजलं,
आमसुलाची आमटी टाकली.
काळी कुळकुळीत झाली.
नवरा म्हणाला, "हे खायचं?"
मी दोनदा वाढून घेतली.

गुरुवारी निषादनं शाळेतून अंड्याचं टरफल आणलं.
त्यावर शाईचे डोळे, वाकडं हसू,
आत ओला कापूस
आणि डोक्यावर हिरवेगार केस.
"हा गॅरी. मी पेरलाय. क्रेस आहे ते."
मी एक केस खुडला, चावला.
नाकात मोहरीसारखी झणक.
अगं बाई, हा तर अळीव!

निषादच्या वेळी आईला व्हिसा मिळाला नव्हता.
तिनं ओल्या नारळात, गुळात वळलेले अळिवाचे लाडू
पोस्टानं धाडले.
ते कुठल्याशा गोदामात सहा आठवडे पडून
खवट होऊन आले.
मी एकेक हातात घेऊन हुंगला,
मग डबा तसाच बंद केला.
माझं खातं बहुधा तेव्हापासूनच
उणं होत गेलं.

"केस फार वाढलेत त्याचे," मी म्हटलं.
निषादनं बराच विचार केला.
"कानावरचे ठेव," म्हणाला.
नखं कापायच्या कात्रीनं
आम्ही गॅरीची हजामत केली.
मूठभरही निघाले नाहीत.
मसुराच्या उसळीवर भुरभुरवले, लिंबू पिळलं.
निषादनं टकलावर बाहुलीची टोपी चढवली,
इथल्या मार्चचा काय भरवसा.

चहा सवयीनं आधीच करून ठेवलेला.
वर बशी झाकली आहे.
अजून चाळीस मिनिटं.