पूल झाल्यावरचा पहिला उन्हाळा

एप्रिल सरत आला, सरोवर अजून पांढरंच.
काठाशी फक्त एक काळी कड सुटलीये,
तव्यावरच्या धिरड्याची सुटते तशी.

टपरीचं कुलूप उघडेना.
मी किल्लीवर फुंकर घातली,
मग थर्मासमधली गरम कॉफी ओतली कुलपावर,
मग राउहाने मला बाजूला सारून
खांद्याने एक धक्का दिला.
आत सात महिन्यांचा शिळा गारठा,
उंदरांनी कुरतडलेल्या कोनांचा चुरा
आणि भिंतीवर पेन्सिलीने गेल्या सप्टेंबरचा हिशेब:
व्हॅनिला अठरा, डांबर सहा,
परत न आलेले चमचे अकरा.

हो, डांबर. पाइनच्या मुळांचं.
धुरकट, गोडसर, ओल्या होडीच्या वासाचं.
परगावचे आधी हसतात
मग दुसऱ्यांदा रांगेत येतात.

यायचे.

ऑक्टोबरात पुलाची फीत कापली.
आता चाळीस सेकंदांत पलीकडे.
त्याआधी पिवळी फेरीबोट होती, पोलादी दोरावर सरकणारी,
आणि ती पलीकडून येईपर्यंत
वीस मिनिटं गाड्या इथे उभ्या,
खिडक्या खाली, मुलं बाहेर, कुत्री बाहेर.
त्या वीस मिनिटांवर आमचं सगळं झालं:
दोन मुलींची शिक्षणं, गोठ्याचं छप्पर, राउहाचे दात.

मंथनाच्या यंत्राचा पट्टा झिजला होता.
मिक्केलीच्या दुकानदाराला फोन केला,
तो म्हणाला, हे मॉडेल अजून चालू आहे?
आणि दोन पट्टे पाठवले. चिठ्ठीत लिहिलं होतं,
दुसरा फुकट,
तुमच्यानंतर तो कुणालाच लागायचा नाही.
मी चिठ्ठी राउहाला दाखवली नाही.
तिला ती माझ्या खिशात सापडली, धुण्याच्या वेळी.
तिने ती वाळवून खिळ्याला अडकवली.

मान्सिक्की व्यायली मार्चमध्ये.
मान्सिक्की म्हणजे स्ट्रॉबेरी,
आमच्याकडे गाईंना ठेवतात हे नाव.
तिच्या दुधाचं स्ट्रॉबेरी आइस्क्रीम कधीच खपत नाही.
तिचं त्यावाचून अडत नाही.
वासरू लाथा झाडतं, बादली सांडते,
राउहा शिवी देते आणि पुन्हा बसते.

काल ताइस्तो आला, शिडी खांद्यावर घेऊन.
एकतीस वर्षं त्याने ती फेरीबोट चालवली.
एखाद्या पोराचे सुटे पैसे मोजून होत नसले
तर फाटक लावायला तो उगाच उशीर करायचा,
हातमोजा शोधायचा, जो हातातच असायचा.
आता त्याला पेन्शन आहे आणि सकाळ फार मोठी आहे.
त्याने पाटी खरवडली, रंगवली,
मग दोन्ही हातांत धरून विचारलं,
तोंड कुणीकडे?
इतकी वर्षं पाटी धक्क्याकडे बघत होती.
गाड्या आता मागून जातात, डोक्यावरून.
मी म्हटलं, पुलाकडे.
राउहा म्हणाली, धक्क्याकडेच. होडीवाले येतील.
किती होड्या?
ती म्हणाली, बर्फ तर जाऊ दे.
भावाचंही तसंच. ती म्हणे गेल्या वर्षीचाच,
मी म्हटलं वीस सेंट वाढव.
ताइस्तोने शेवटचा आकडा कोराच ठेवला
आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

पाटी अजून भिंतीला टेकून उभी आहे.

आज पहिला घाणा काढला.
नव्या पट्ट्याचा जळका वास, मग घरघर,
मग तो ओळखीचा जड आवाज, साय घट्ट होतानाचा.
परवा वाप्पू. त्या दिवशी खिडकी उघडायची,
बर्फ भुरभुरो की गारा पडोत.
आम्ही तिघे बाकावर बसलो, टोप्या कानांवर ओढून,
एकाच डब्यात तीन चमचे.
डांबर किंचित जास्त झालंय, राउहा म्हणाली.
मला तर बरोबर वाटलं.
वर पुलावरून लाकडाचा ट्रक गेला,
फळी थरथरली.

दोन वाजून दहा मिनिटांनी
ताइस्तोने घड्याळ पाहिलं आणि झटकन उठला,
अर्धा उठला,
आणि तसाच वाकलेला असताना
डब्यातून आणखी एक चमचा घेतला.