वरचा आकडा

डंडीच्या वाचनालयात, मंगळवारच्या वर्गात
हब्तोमनं रेडक्रॉसला इंग्रजीत पत्र लिहिलंय:
माझा भाऊ जिवंत आहे का, हे मला जाणून घ्यायचं आहे?

मॉर्वेनबाई चष्मा कपाळावर सारतात.
"इथे प्रश्नचिन्ह नको.
तू विचारत नाहीयेस,
विचारायचंय एवढंच सांगतोयस.
त्याला पूर्णविराम."

तो खोडरबर उचलतो.
"अरे, सगळं नको खोडूस.
वरचा आकडा तेवढा काढ,
टिंब आहेच की खाली
आधीपासून."

तो काढतो. फुंकर मारतो.
वाक्य बरोबर झालं.

घडी घालताना
अंगठा कागदाच्या पाठीवरून फिरतो.
पेन्सिल दाबून लिहायची सवय त्याची;
आकडा, उलटा,
बोटाला लागतो अजून