इंजिन नंबर

झोलचुबेकची व्हॅन दर आठवड्याला येते
मुर्गाबहून, टपावर लोकरीची गाठोडी.
व्हिसा ठीक. परवाना ठीक. विम्याचा कागद
घड्यांवर फाटलेला, तरी ठीक.
आज बॉनेट उघडायला लावलं मी,
वरून आदेश आहे.

चॅसिस जुळली.
इंजिनाचा शेवटचा आकडा कागदावर सात,
लोखंडावर चार. त्याच्या आधीचेही वेगळेच.
टॉर्च त्याच्याच हातात होता. हलला नाही.

"एर्मेकच्या गाडीचं," म्हणाला.

एर्मेक, त्याचा धाकटा. शीळ घालत यायचा,
शिक्का मारला की टेबलावर दोन जर्दाळू ठेवायचा.
मागच्या हिवाळ्यात घाटात घसरला.
एवढंच शाबूत निघालं.

रकाना विचारतो : इंजिन बदलल्याचं कारण.
रकाना बोटभर.

मी चार हजार मीटरवर नोकरी करतो.
इथे पाणी उकळतं, पण तापत नाही.
लिहिलं : "जुनं थकलं."
गोठल्या शाईवर तोंडाची वाफ सोडून
शिक्का मारला.

मग त्याने किल्ली फिरवली.
पहिल्यांदा धरलं नाही. दुसऱ्यांदाही नाही.
आम्ही दोघं ऐकत उभे.
सकाळी लवकर उठणं
त्याला कधी जमलंच नाही.