कळ

पारडीच्या धर्मकाट्यामागे माझं टिनाचं दुकान.
छोटा हत्ती येतो, मागचा फाळका दोरीनं बांधलेला.
मी टेस्ट लॅम्प घेऊन त्याच्या पोटात शिरतो,
पंपाची वायर कापतो
आणि मध्ये एक कळ बसवतो, चण्याएवढी.
ती दाबली नाही तर सेल्फ नुसता खोकतो म्हाताऱ्यासारखा,
हत्ती जागचा हलत नाही.

गुणवंता हेडाऊच्या गाडीत कळ नव्हती.
खरबीची गल्ली, घरासमोर, रात्री अडीच ते तीन.
आत केटरिंगचे सतरा गंज, दोन शेगड्या,
डॅशबोर्डवर पोरीची राहिलेली एक चप्पल.
जीपीएस होता. मोबाइलवर निळा ठिपका
भंडारा, साकोली, देवरी करत चालला
आणि हा त्याच्या मागे, मेव्हण्याच्या मोटारसायकलवर.
राजनांदगावच्या ढाब्यावर ठिपका थांबला.
कांद्याचा ट्रक. एका पोत्यात खुपसलेली डबी.
गाडी तोवर कुठल्या कुठे.

एकानं काच काढायची, एकानं ओढून न्यायची,
एकानं चेसिसचा नंबर घासायचा,
आणि एकानं चौकात नुसतं खर्रा चघळत बसायचं, जीप येते का बघत.
पगारी माणसं. दिवाळीला सुट्टीही घेत असतील.
गुणवंताचे अठरा हप्ते बाकी आहेत.
दर पाच तारखेला नसलेली गाडी
त्याच्या खात्यावरून जाते.

मग माझ्याकडे रांग लागली.
मुन्शी अन्सारीची ब्रेडची, झनकलाल पटलेची मुरमुऱ्याची,
प्रतिमा गजभियेची पाण्याच्या कॅनची.
ती म्हणाली, अशा जागी लावा भाऊ, का मलेच सापडू नये.
सीटच्या शिवणीत. टूलबॉक्सच्या तळाशी.
एकाची गणपतीच्या उंदरात.
सगळं वहीत लिहून ठेवलं, नंबर आणि जागा,
कारण माणसं विसरतात अन् मध्यरात्री मलाच फोन करतात.
त्रेसष्ट ओळी झाल्या.

मार्चात एक जण आला. कडक इस्त्रीचा शर्ट.
स्टुलावर बसला, दोन कट चहा सांगितले,
मला ‘आपण’ म्हणाला.
पोराच्या डिप्लोमाची फी विचारली,
आकडा त्याला आधीच ठाऊक होता.
मग म्हणाला, एका ओळीचे पाच हजार.
कसली ओळ, ते बोलला नाही.
वहीकडे बघत होता.

मी नाही म्हणालो, असं सांगायला आवडलं असतं.
मी म्हणालो, बघतो.

त्रेसष्ट गुणिले पाच.
रात्रभर कूस बदलत होतो. बायको म्हणाली,
काऊन जी, कुठं कळ येऊन राह्यली का?
हो म्हटलं. कुठं, ते सांगता येत नाही.

सकाळी पहिला फोन प्रतिमाबाईला.
गाडी आणा, कळ हलवायची आहे.
काऊन?
जागा कोणाला तरी माहीत आहे.
कोणाले?
मला.

आता मी वायर लांब सोडतो, डाग कसा द्यायचा ते दाखवतो
आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.
मागे मालक कुठेतरी खुडबुड करतो, शिव्या देतो.
मुन्शीनं दोनदा फ्यूज उडवला.
मी वळलो नाही.

ठाण्यात सांगितलं. साहेबांनी वर्णन विचारलं.
इस्त्रीशिवाय मला काही आठवेना.

वही जाळली, पण सात गाड्या आल्याच नाहीत.
एकाचा नंबर बदललाय, एक म्हणतो सवड नाही.
त्या सात जागा मला पाठ आहेत.
विसरायला बसलो की आणखी नीट आठवतात,
कोणता स्क्रू, किती आटे.

तो पुन्हा आलेला नाही.
स्टूल मात्र मी आत घेतलंय.
गिऱ्हाईक उभ्या उभ्याच चहा पितात.