माप

नाईफमध्ये, सोन्याच्या बाजारामागच्या गल्लीत,
जिथे एसीचं पाणी बारा महिने ठिबकतं
आणि खाली बसून मांजरं ते पितात,
तिथे माझं दुकान. बावीस वर्षं.
पाटीवर अरबीत काय लिहिलंय, मला वाचता येत नाही.
माणसं येतात. खांद्यापासून घोट्यापर्यंत.

नाखवा पहिल्यांदा आला तेव्हा खाडीवर
गलबतांत फ्रीज चढत होते, टायर, गाद्या, कांद्याच्या गोणी.
त्याने कापड टाकलं. म्हणाला, खिसा नको.
मागे? नको.
आत, छातीला? नको.
टाचण्या दातांत धरून मी हसलो.
बिनखिशाचं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नव्हतं.

नंतर कळलं,
त्याचे खिसे त्याच्या मागून चालत येतात.

एक आमच्याकडचे मंत्री,
दिवाळी झाली की विमानाने, प्रकृतीच्या कारणास्तव.
त्यांना आतला कप्पा दुहेरी लागायचा, चेन लावून.
एक बंदरावरचे साहेब, जे पेट्या मोजत नसत.
एक पेपरवाला. त्याचा खिसा लहान,
पण शिवण दिसता कामा नये.
एकदा एक निवृत्त न्यायाधीश. खांदे उतरते.
त्यांच्या कोटात मी कापूस जास्त घातला,
उभे राहिले की न्यायाधीश वाटावेत इतका.

कमरा वाढत गेल्या, मी वहीत लिहीत गेलो,
छत्तीस, अडतीस, बेचाळीस.
देश कसा चाललाय
ते मला पेपरपेक्षा वहीत आधी कळायचं.

गावी फोन केला की आई सांगे,
शाळेवर नवे पत्रे चढले.
रुग्णवाहिका आली, पांढरी, भोंग्याची.
कबड्डीला नाखवा चषक, माणसाएवढा उंच.
देवमाणूस आहे हो, पाहिलायस का रे तिकडे?
मी म्हणे, पाहिलाय. बत्तीस कंबर आहे देवाची.
आणि हसायचो. तेव्हा हसायचो.

बहिणीचा निनाद.
चढाईला गेला की सात जणांना सापडायचा नाही.
काजूच्या बागेत सापडला,
ओठ निळे, मोज्यात पुडी.
बहिणीने फोटो पाठवला, का कोण जाणे.
रुग्णवाहिकेचं उघडं दार, त्यातून त्याचे पाय,
आणि दारावर लाल अक्षरांत, सौजन्य.
पुढचं नाव दाराच्या घडीत गेलं होतं.

कागदावर लिहिलं, सर्पदंश.
पोलीस म्हणाले सर्पदंश, डॉक्टर म्हणाले सर्पदंश,
शेवटी बहीणही म्हणाली.
मुलीचं लग्न व्हायचं होतं.
त्या साली आमच्या तालुक्यात
साप फार झाले.

मी काय केलं?
मंत्र्यांची पँट दीड इंच सैल करून दिली.
शनिवारी द्यायची होती, शुक्रवारीच दिली.

परवा नाखवा मुलाला घेऊन आला.
चांगला पोरगा. वाकून नमस्कार करणारा.
अर्ज भरायचाय तिकडे, नाखवा म्हणाला,
पांढरी खादी, साधी, कळेल न कळेल अशी इस्त्री.
आणि याला खिसे ठेव.
याला लोकांत राहायचंय.

छाती चाळीस. बाही साडेचोवीस.
मग गळा.
टेप मागून पुढे आणली, दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
तो वर पंख्याकडे बघत होता,
लहानपणी केस कापताना बघतात तसा.
गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली.
बाहेर कुणीतरी मांजर हाकललं.

टेपच्या आत एक बोट ठेवायचं असतं.
वस्तादाने शिकवलेलं,
श्वासापुरती जागा.

ठेवलं.

साडेपंधरा, मी म्हणालो.
तोवर करक चहा आला,
तिघांनीही घेतला.